डावीकडे समुद्र

स्क्रू इथंच होता. आत्ता, अर्ध्या मिनिटापूर्वी, ह्या पांढऱ्या ट्रेच्या मधोमध पडला होता – चष्म्याच्या काडीतला स्क्रू, मुंगीनं सहज उचलून न्यावा एवढा – आणि त्यानं काय केलं, तर स्क्रूड्रायव्हर घ्यायला मान जराशी उजवीकडे वळवली. बस्स. आता ट्रे कोरा. त्यानं मान सावकाश डावीकडे नेली, आणखी थोडी नेली, आणि स्क्रू होता तिथंच परत उगवला... निर्लज्जासारखा. कुठं गेला नव्हता, कुठून आला नव्हता.

"सापडला का हो?" काउंटरपलीकडून शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं. त्यांचं पोट त्या चष्म्यावर, त्यामुळं त्यांचा जीव त्या स्क्रूत अडकलेला.

"हरवलाच कुठं होता?" तो म्हणाला, आणि बाई हसल्या, म्हणून त्यालाही हसावं लागलं.

वीस वर्षं तो ह्या दुकानात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढत होता. गल्लीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, नंबरवाले म्हणत. नंबरवाल्यांचा स्वतःचा नंबर मात्र शून्य. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ तर तो वाचायचाच, पण तिच्याखाली छापखान्याचं नाव कोपऱ्यात दडून बसलं होतं, तेही वाचून दाखवायचा, आणि गिऱ्हाईक थक्क व्हायचं. समोरचं सगळं लख्ख. समोर ठेवाल ते, बारीक असो, फिकट असो, नंबरवाल्यांना दिसणार. तक्ता समोर असतो हे त्या तक्त्याचं केवढं मोठं वैगुण्य आहे, हे गिऱ्हाइकाला कशाला सांगा?

फोन वाजला. बायको. ती शाळेत चित्रकला शिकवते, आणि तिच्या फोनमागे नेहमी पोरांचा असा काही कालवा असतो की ती रणांगणावरून बोलतेय असं वाटावं.

"अरे, ऐक, मधली सुट्टी संपतेय. त्या समुद्रावरच्या मालकीणबाईंचा निरोप आलाय. वरची खोली आपल्यासाठी धरून ठेवलीय, पण आज सहापर्यंत नक्की कळवा म्हणाल्या. हो म्हणून टाकू?"

"संध्याकाळी बोलू ना. घरी आलो की."

"तू येणार साडेपाचला."

"मग अर्धा तास आहे की."

पलीकडे तिनं कुणा पोराला दटावलं. मग ती म्हणाली, "हे बघ, ह्या वेळी तू काही कारण काढलंस ना, तर मी लेकीला घेऊन पायी निघेन."

"सात तासांचा रस्ता आहे."

"म्हणून तर म्हणतेय, गाडीनं ने."

बाई चष्मा लावून, आरशात बघून गेल्या. तो ट्रेकडे बघत बसला. सात तासांचा रस्ता – त्यातले पहिले पाच सरळ, रुंद, डोळे झाकून जाता येईल असे... आणि शेवटचे दोन किनाऱ्याकिनाऱ्यानं, उजवीकडे डोंगर, डावीकडे कडा, कड्याखाली समुद्र. रेल्वे तिकडं जात नाही. बस एका फाट्यावर सोडते आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणते. बायकोनं ही सगळी माहिती काढली होती. पहिल्या उन्हाळ्यात दुकानाचं नूतनीकरण निघालं, दुसऱ्यात लेकीला कांजिण्या आल्या, तिसऱ्यात – तिसऱ्यात काय होतं? काही नव्हतं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यानं नुसतं 'बघू' म्हटलं होतं, आणि बघता बघता पाऊस आला होता. आणि तिनं भांडण केलं नव्हतं. हेच त्याला टोचत राहिलं होतं, की तिनं भांडण केलं नव्हतं.

गाडी तिला येते. म्हणजे यायची. लायसन्सही आहे, कपाटातल्या खणात, बंद घड्याळांच्या सोबतीला. सहा वर्षांपूर्वी तिनं गाडी फाटकाला घासली – घासली म्हणजे काय, बोटभर रंग गेला – आणि तेव्हापासून घरी पाहुणे आले की तो ती गोष्ट सांगायचा. रंगवून सांगायचा. फाटक कसं स्वतःहून चालत आलं, हिनं त्याला हॉर्नसुद्धा कसा दिला... पाहुणे पोट धरून हसायचे. एकदा, चौथ्यांदा की पाचव्यांदा सांगताना, तिनं हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं, आता मी चालवायचीच नाही." आणि तिनं शब्द खाली पडू दिला नाही. चांगली चालवायची ती. माझ्यापेक्षा सावध. मग मी ते फाटक इतक्या वेळा का चालवलं?

गेल्या रविवारची सायकल...

नको. – पण ती आलीच, जशी त्या दिवशी आली होती, कुठूनही नाही. वाचनालयासमोरचा रस्ता, रिकामा, तो डावीकडे वळत होता, नीट बघून वळत होता, रस्त्यावर कुणीही नव्हतं, हे तो शपथेवर सांगेल – आणि एकदम बॉनेटला टेकून एक सायकल, एक म्हातारा, त्याचा एक पाय जमिनीवर. ब्रेक लागला तो पायानं आपल्या आपण लावला. म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं काचेतून आत बघितलं, आत कोण बसलंय ते बघावं तसं, आणि सायकल ढकलत निघून गेला.

"लक्ष कुठं होतं?" बायको म्हणाली.

"तिरीप आली डोळ्यावर."

ऊन पाठीमागं होतं. बायकोच्या ते ध्यानात आलं नाही. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, लाल होती ती. लालभडक." आणि मग गप्प झाली. नऊ वर्षांची पोर, तोंड एरवी दळण घातल्यासारखं चालू, पण घरी पोचेपर्यंत गप्प.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. पण ही मूठ झाकली कुणी? आणि कधी? तो मागच्या खोलीच्या पडद्याकडे बघू लागला. पडद्यामागे वाटी होती.

वाटी म्हणजे यंत्र. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण दुकानात सगळे वाटीच म्हणतात, कारण ती आतून पांढरी, गोल, खोल आहे, आणि माणसाला तिच्यात तोंड घालून बसावं लागतं. एका डोळ्यावर पट्टी. हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठंही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. काचबिंदू असला की कडेचं जग हळूहळू पुसलं जातं. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला पत्ताही लागत नाही. वाटीला लागतो. लोक घाबरतात, उगीच दाबत सुटतात, शाळेत उत्तर येत नसताना हात वर करावा तसे. मग तो खांद्यावर हात ठेवून सांगतो: घाई नाही. दिसलं तरच दाबा. नाही दिसलं तर गप्प बसा, त्यात काही हार नाही.

मागच्या वर्षी, एका अर्ध्या सुट्टीच्या दिवशी, दुकानात कुणी नसताना तो स्वतः वाटीत बसला होता. वडिलांना काचबिंदू होता. तो बापाकडून पोराकडे येतो, जमिनीच्या तुकड्यासारखा. पण वाटीनं छापलेले कागद स्वच्छ आले, न दिसल्याचा काळा डाग कुठंच नाही. दोन्ही डोळ्यांचे. त्यानं ते घरी नेले, बायकोला दाखवले, आणि त्या रात्री तो पडल्या पडल्या झोपला.

मात्र वाटी जुनी आहे. प्रत्येक ठिपका उजळण्याआधी तिच्या आत काहीतरी सरकतं, आणि बारीकसा आवाज होतो. टिक. गिऱ्हाइकाला तो ऐकू येत नाही, आलाच तर तो पंख्याचा वाटतो. पण जो माणूस वीस वर्षं तिच्या शेजारी उभा आहे, त्याच्या कानात तो टिक मुरलेला असतो. टिक झालं की अंगठा खाली. टिक – अंगठा. ठिपका दिसण्याआधी, ठिपका न दिसता, ठिपका कुठं आहे ह्याची फिकीर न करता. मधूनमधून वाटी मुद्दाम नुसताच टिक करते, ठिपका न दाखवता, लबाडांना पकडायला; पण त्या टिकचा सूर किंचित वेगळा आहे. आणि तोही त्याला पाठ होता.

माहीत होतं का मला, त्या दिवशी? दाबताना माहीत होतं? – दरवेळी त्याचा विचार इथं येऊन थांबायचा, आणि इथून मागं फिरायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं. पण दूध पितोय हे मांजराला तर ठाऊक असतंच की.

हिवाळ्यात एक टॅक्सीवाला आला होता. धिप्पाड माणूस, वाटीत मावत नव्हता. त्याचा कागद काळा आला, आणि नंबरवाल्यांनी त्याला सांगितलं – किती शांतपणे, किती मुद्देसूद! – की डॉक्टरकडे आजच जा, आणि गाडी आजपासून बंद. तो माणूस कागदाकडे बघतच राहिला. "आजपासून म्हणजे, मी आलोय गाडीनं," तो म्हणाला. "मग परत कसा जाऊ?" आणि त्यानं उत्तर दिलं होतं, "चालत जा." चालत जा म्हणे! जीभ उचलून टाळ्याला लावायला काय जातं? टॅक्सीवाला खरोखर चालत गेला. त्याची टॅक्सी दोन दिवस दुकानासमोर उभी होती.

चार वाजले. मालक बँकेत गेले होते. त्यानं दरवाजावर 'लवकरच येतो'ची पाटी लावली, आतली कडी घातली, आणि रोजच्याच दुकानात चोरासारखा मागच्या खोलीत शिरला. काच घासायचं यंत्र तिथंच कोपऱ्यात. त्यानं एक बाद झालेली काच त्यात अडकवली आणि बटण दाबलं. खोली घरघराटानं भरून गेली. त्या आवाजात माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही, तिथं टिकची काय कथा? मग त्यानं उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि वाटीत तोंड घातलं.

पिवळा दिवा. ठिपका – दाबलं. ठिपका – दाबलं. उजवीकडे, वर, पुन्हा उजवीकडे. मग काही नाही. पांढरं. तो वाट बघत राहिला, अंगठा बटणावर, आणि अंगठ्याला खाज सुटल्यासारखं झालं, कारण इतका वेळ काही नाही असं कसं होईल, यंत्र बंद पडलं असेल... दाबू का? एकदाच? – गप्प बस. दिसलं तरच. पांढरं, पांढरं, आणि मग एक ठिपका, उजवीकडे, आणि परत ते लांबच लांब पांढरं, दुपारच्या वाळूसारखं –

वाळू. तो सात वर्षांचा होता. तो आणि वडील, समुद्रावर, सुट्टीतला एकच दिवस, आणि माणसांची ही गर्दी. वडील आइस्क्रीम घेऊन वळले आणि त्याला शोधू लागले. तो तिथंच उभा होता. वडिलांच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, पायाशी बादली. वडिलांनी त्याच्या नावानं हाक मारली. त्याला वाटलं खेळ आहे, म्हणून तो तोंड दाबून हसत उभा राहिला. वडील पुन्हा ओरडले, त्याच्या डोक्यावरून, समुद्राकडे, आणि त्यांचा आवाज चिरकला, आइस्क्रीम मनगटावरून ओघळू लागलं, आणि ते पाण्याच्या दिशेनं पळत सुटले, कपड्यांसकट, गुडघाभर पाण्यात... तेव्हा तो भिऊन ओरडला, "बाबा, मी इथंच आहे!" वडील परत आले. त्यांनी त्याला एक सणसणीत थोबाडीत मारली. आणि मग त्याला छातीशी धरून तिथंच वाळूत बसले, आणि लोक बघत होते. घरात पुढं कितीतरी वर्षं सगळे म्हणायचे, ह्यांचं मेलं लक्षच नसतं. दाराच्या चौकटीला धडकतात, शेजारी बसलेल्या माणसाला ओलांडून जातात. धांदरट म्हणायचे. तोही म्हणायचा. रोग कळला तोवर बघायला काही उरलं नव्हतं.

दुसरा डोळाही झाला. त्यानं घासायचं यंत्र बंद केलं, आणि एवढी शांतता झाली की कागद छापून येताना त्याला दचकायला झालं. दोन कागद. त्यानं ते एकमेकांवर ठेवले, खिडकीच्या काचेला टेकवून उजेडात धरले, एका डोळ्याचं उणं दुसरा भरून काढतो का ते बघायला. वर भरून काढत होता. उजवीकडे तर काही उणंच नव्हतं. डावीकडे, मधल्या रेघेच्या खाली, काळ्यावर काळं बसलं होतं. सायकलीच्या उंचीवर, असं त्याच्या मनात आलं. मग दुसरं आलं: नऊ वर्षांच्या पोरीच्या उंचीवर.

त्यानं कागदांच्या चार घड्या केल्या, शर्टाच्या खिशात ठेवल्या, दुकान मालकांच्या ताब्यात दिलं आणि घरी निघाला. चालत. गाडी घरीच असायची, दुकान जवळ होतं, पण आज प्रत्येक कोपऱ्यावर तो थांबला आणि मान पूर्ण डावीकडे वळवून बघितलं. प्रत्येक वेळी तिथं काहीतरी होतं. कुत्रं. हातगाडी. एक बाई, बाळाला घेऊन. इतकं जग तिथं होतं, आणि तो इतके महिने त्याला न विचारता चालला होता.

जेवणाच्या टेबलावर समुद्र पसरला होता. बायकोनं मोठ्या कागदावर स्वतः नकाशा काढला होता, रस्ता तपकिरी, डोंगर हिरवा, आणि समुद्राला तीन निळ्या पेन्सिली लावल्या होत्या. तिच्या हनुवटीवरही निळा लागला होता. लेक खुर्चीवर गुडघे टेकून वाळूत छत्र्या काढत होती.

"आलास? बघ, पावणेसहा होतायत," बायको म्हणाली. "ये, इकडं बस. हा फाटा. इथून किनाऱ्याचा रस्ता सुरू होतो. इथं थांबायचं का चहाला? की थेट जायचं?"

"थेट नको," तो म्हणाला. आवाज ठीक आला. खिशातला कागद श्वास घेताना कुरकुरत होता, आणि तो ह्या दोघींना ऐकू कसा जात नाही ह्याचं त्याला नवल वाटलं.

"समुद्र कुठल्या बाजूला येणार रे, जाताना?"

"डावीकडे."

"पूर्ण रस्ता?"

"पूर्ण."

"म्हणजे दोन तास!" तिनं पेन्सिल टेबलावर आपटली, लहान मुलीसारखी. "दोन तास नुसता समुद्र. तू पण बघशीलच की चालवता चालवता." आणि मग जरा खाली मान घालून, रस्त्याच्या कडेला उगीच एक झाड काढत ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू ह्याही वर्षी बघू म्हणशील."

सांग. आत्ता. खिशात हात घाल, बाकी काही करावं लागत नाही. – आणि मग? मग खोली नाही, समुद्र नाही, हा नकाशा गुंडाळून कपाटावर, आधीच्या तीन उन्हाळ्यांच्या नकाशांशेजारी. नाहीतर कपाटाचा तो खण उघडायचा, आणि तिच्यापुढं उभं राहून म्हणायचं की ते फाटक कधीच चालत आलं नव्हतं, तू चालव... आणि पुढचं सगळं, डॉक्टर, थेंब, दुकान, आणि कोण कुणाचा हात धरून चालणार ते. एक फेरी जाऊन यावं. फक्त एक. सावकाश चालवीन, मान वळवत राहीन, डोळ्यात तेल घालून... कुठल्या डोळ्यात? त्याला आपल्याच विचाराची शिसारी आली. टॅक्सीवाल्यानं असंच काहीतरी म्हटलं होतं, एकच भाडं सोडून येतो म्हणून.

"सहाला दहा कमी," बायकोनं फोन उचलला. "लावते हं."

"थांब, आई," लेक म्हणाली.

ती खुर्चीवरून उतरली. टेबलाला वळसा घालून त्याच्या मागून गेली, आणि दिसेनाशी झाली. त्याच्या एकदम लक्षात आलं की गेले चार दिवस शाळेत जाताना ती त्याच्या उजव्या बाजूनं चालत होती. रोज. रस्ता ओलांडून यायची आणि उजवा हात धरायची. त्यानं ते पाहिलं होतं, आणि त्याचा काही विचार केला नव्हता.

"बाबा, आईकडे बघ. फक्त आईकडे. मान हलवायची नाही."

हा खेळ त्यानंच तिला शिकवला होता. ती चार वर्षांची असल्यापासून दुकानात आली की गिऱ्हाइकांना खेळायला लावायची. "किती बोटं?"

"हे आत्ता काय काढलंस गं?" बायको म्हणाली, पण हसत.

तो बायकोकडे बघत होता. तिचा चेहरा लख्ख. हनुवटीवरचा निळा, कपाळावरची एक बट, डोळ्यांतला घाईचा उजेड. डावीकडे काही नव्हतं. अंधारही नव्हता, नुसतं काही नव्हतं. पण बाहीची सळसळ झाली. लेकीचा श्वास ऐकू आला, थांबवून धरलेला, सुटलेला. हात वर गेला असणार. आणि ती नेहमी दोनच दाखवते. चार वर्षांची होती तेव्हापासून दोनच, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. दोन म्हणायचं, ती हसेल, फोन लागेल, खोली मिळेल. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती.

"सांग ना, बाबा."

आवाज आला होता. उजेड आला नव्हता.

टाळ्याला लागलेली जीभ त्यानं खाली घेतली. छाती इतकी धडधडत होती की खिशातला कागद तिच्याबरोबर वाजत होता. भीती होती, आणि लाज होती. पण तिच्याखाली, खूप खाली, वर्षभर बटणावर दाबून धरलेला अंगठा कुणीतरी हळूच उचलावा तसं काहीतरी सैल पडत होतं. डावीकडे श्वास पुन्हा थांबला. कुणीतरी तिथं उभं होतं, दोन पावलांवर, आणि ह्या वेळी हसत नव्हतं.

बायकोचा फोन कानापर्यंत जाऊन थांबला. तिनं नकाशावरून मान वर केली आणि आधी लेकीकडे, मग त्याच्याकडे बघितलं. तोही तिच्याकडेच बघत राहिला, मान न हलवता, आणि गप्प बसला.